उलट्या आट्यांचं बूच

“मग ह्यात तुजं काय हाय?” उस्तादांनी विचारलं.

“सगळंच माझं, उस्ताद. अकरा गोष्टी आहेत. अकराच्या अकरा नव्या.”

उस्तादांनी बोटांचं काळं चिंधीला पुसलं. पुसून झाल्यावरही ते बराच वेळ पुसतच राहिले.

“अकरा…” ते म्हणाले.

बावीस वर्षांपूर्वी सुकुमार मगदूम आयटीआय करता करता ह्याच दुकानात तीन वर्षं राबला होता. शिरोळच्या नाक्यावरचं हे पंप-नोझलचं दुकान. दस्तगीर मुजावर त्याचे मालक, पण मालक त्यांना कुणीच म्हणत नसे. आसपासच्या चार तालुक्यांतले ट्रकवाले त्यांना उस्ताद म्हणत. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून डिझेल पंपाचं दुखणं सांगणारा माणूस म्हणजे चेष्टा नव्हे.

पुढे सुकुमार शिकला. पुण्याच्या कंपनीत लागला आणि संशोधन खात्याचा साहेब झाला. पाच पेटंटांवर त्याचं नाव लागलं. हे सहावं. सोमवारी अर्ज जायचा होता आणि अर्जाच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती: ‘ह्या शोधाचा खरा आणि पहिला शोधक मीच आहे.’ त्याखाली सहीची जागा मोकळी ठेवली होती.

सही करण्याआधी आशीर्वाद घ्यायला आलोय, असं तो म्हणाला. माणसं आशीर्वादाला म्हणून येतात आणि कौतुकासाठी थांबतात. सुकुमारचा तिसरा चहा चालू होता.

शोध तसा समजायला सोपा. डिझेलमध्ये पाणी असतंच, थोडं का होईना. ते पंपापर्यंत गेलं की पंपही गेला आणि नोझलही गेलं. म्हणून गाळणीच्या खाली एक वाटी बसवतात. जड पाणी तळाला बसतं आणि खालचं बूच उघडून ते काढून टाकता येतं. सुकुमारने ही वाटीच नव्याने घडवली होती. त्याला दीड वर्ष लागलं होतं.

“वकिलांनी जगभरचे अर्ज धुंडाळले, उस्ताद. कुठंच असं काही सापडलं नाही.”

“जगभरचं?”

“जगभरचं.”

उस्तादांनी मान डोलावली. शिरोळच्या नाक्यावरून आजवर कुणी अर्ज केलेला नव्हता, हेही तितकंच खरं.

एवढ्यात सुताची बाचकी भरलेला एक जुना टेम्पो खोकत खोकत दारात येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला. त्याच्या उजव्या हाताची सालटं निघाली होती.

“उस्ताद, कालपासनंच मी ह्या गाडीवर हाय. वाटीत पाणी झालंय आन खालचं बूच काय केल्या हलंना. पार गंजून बसलंय बघा.”

“किती जोर लावलास?”

“सकाळपासनं लावतोय की!”

उस्तादांनी सुकुमारकडे पाहिलं.

“जरा बघतोस काय? माजा गुडघा वाकत न्हाई आता.”

सुकुमारला मनातून बरंच वाटलं. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडून तो टेम्पोखाली सरकला. डिझेलचा ओळखीचा वास आला आणि बावीस वर्षं कुठं गेली ते कळलं नाही. त्याने वर न बघताच हात घातला. वाटी सापडली, बूच सापडलं. पान्हा लावून त्याने एक हिसका दिला.

बूच सुटलं. गढूळ पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं.

ड्रायव्हर वाकून बघत होता. तो चक्रावलाच.

“साहेब, तुमी तर आवळत हुता… आन सुटलं कसं?”

सुकुमारने आपल्या हाताकडे पाहिलं.

पाणी संपून स्वच्छ डिझेल येऊ लागलं, तरी त्याचा हात तिथेच होता. मग त्याने बूच पुन्हा बसवलं, तेही सगळं जग ज्या बाजूने उघडतं त्या बाजूने फिरवून, आणि हळूहळू बाहेर आला.

टेम्पो निघून गेला.

त्याच्या कागदांत प्रत्येक नव्या गोष्टीचा एक, असे अकरा दावे होते; त्यांतला चौथा असा. वाटीच्या बुचाला उलटे आटे, म्हणजे माहीत नसलेला माणूस ते उघडायला गेला तर उलट घट्टच करत बसेल. ही कल्पना सुचली त्या दिवशी त्याने साऱ्या खात्याला जिलेबी वाटली होती. अकरांतला त्याचा सगळ्यात लाडका दावा तोच.

“उस्ताद, ही वाटी…”

“माजीच. तीस वर्सं झाली आसतील.”

“आणि आटे उलटे.”

“धाब्यावर गाडी लागली की रातचं कोणतरी बूच खोलून डिझेल चोरायचं. म्हटलं, चोराकडनंच घट्ट करून घिऊ.”

एरवी सुकुमार खो खो हसला असता. आता त्याला हसू येईना.

“मला आठवत नव्हतं, उस्ताद. खरंच आठवत नव्हतं. मी टेबलाशी बसून काढलं हे. तीन आठवडे…”

“डोस्क्यानं इसरलं आसंल. हातानं न्हाई इसरलं.”

सुकुमारने मान खाली घातली. ओल्या मनगटाला डिझेलचा वास येत होता. पाच पेटंटांचा साहेब, आणि दुकानातून वस्तू उचलून नेणाऱ्या पोराची शरम त्याला वाटत होती.

“म्हणजे मी चोर झालो,” तो शेवटी म्हणाला.

“मग मीबी चोरच.”

“तुम्ही कसे?”

“पंपाच्या कामात यायच्या आदी सायकलच्या दुकानात हुतो. डावं पेडल उघडायला गेलो. तासभर झटलो, दात-ओठ खाल्लं, शेवटाला पान्हाच मोडला. मालकानं कानाखाली दिली आन सांगितलं, डाव्या पेडलाला उलटं आटं आसत्यात.” उस्तादांनी गालावरून हात फिरवला. “तवापासनं ध्यानात ऱ्हायलं.”

“मी तुमचं नाव घालतो अर्जात. माझ्या नावाच्या वर.”

“घाल की. आन त्याच्यावर त्या पेडलवाल्याचं घाल. काय नाव त्याचं?”

“… माहीत नाही.”

“मलाबी न्हाई.”

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. उस्तादांनी नकळत कान दिला, पंप ठीक आहे असं मनाशी ठरवलं आणि कानावरची पेन्सिल काढून सुकुमारपुढे धरली.

“वाच एकेक. आन काट मारायची तर तूच मार. माज्या हातनं कशाला?”

सुकुमारने चौथ्यावर काट मारली. हात जड झाला होता, पण मारली. मग पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.

“पाणी अडवून फक्त तेल सोडणारा पडदा…”

उस्तादांनी भिंतीकडे हनुवटी केली. खिळ्याला सांबराच्या कातड्याचा एक कळकट तुकडा लटकत होता. त्यातून पेट्रोल गाळताना पाणी वर राहतं, हे सुकुमार ह्याच भिंतीपाशी उभं राहून शिकला होता. त्याने काट मारली.

“लोखंडाचा चुरा धरून ठेवायला तळाशी लोहचुंबक…”

“लोहचुंबक आपुन कुठनं काढलं हुतं?”

“रेडिओच्या भोंग्यातून,” सुकुमार म्हणाला. आणि मग एकदम, “अरे देवा!”

“चांगला वाजत हुता रेडिओ. कुणी फोडला हुता?”

“मीच.”

“मी काय म्हटलं हुतं?”

“ते इथं सांगण्यासारखं नाही, उस्ताद.”

आता मात्र दोघेही हसले. सुकुमार तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. गंमत अशी की त्यानंतर काट मारायला फारसं जड गेलं नाही. दुखरा दात एकदा हलला की जीभ आपणच तिकडे जाते, तसा तो स्वतःच पुढे पुढे शोधू लागला. हे वर्गात शिकवलं होतं. हे एका जुन्या पंपात बघितलं होतं. हे वकिलांनी घुसडलं होतं. त्यांचं म्हणणं, जितके दावे जास्त तितकं कुंपण मोठं. दहाव्यापाशी तो थोडा हटून बसला, उस्तादांशी वाद घातला. उस्तादांनी कपाटाखालून एक गंजकी वाटी काढून त्याच्या हातात दिली. वाद मिटला.

अकराव्यापाशी तो थांबला. उस्ताद भिंतीकडे बघतील म्हणून वाट पाहत राहिला.

उस्ताद कुठंच बघत नव्हते.

“पुन्यांदा वाच.”

“वाटीत एक बोंडी, म्हणजे लहानशी गोळी. डिझेलमध्ये बुडेल पण पाण्यावर तरंगेल, अशा बेताच्या वजनाची. पाणी वाढलं की ती वर वर येते आणि पंपाकडे जाणारं तोंड बंद करते. गाडी थांबते, पण पंप वाचतो.”

“बोंडी मी करून बघितली हुती.” उस्ताद सावकाश म्हणाले. “घाटात गाडी कलली की ती एका अंगाला जाऊन आडकायची. न्हाईतर धक्क्यानं उगंच तोंड बंद करायची. चार डायवर शिव्या घालून गेलं. सोडून दिलं मग.”

“माझी अडकत नाही.”

“आसं हुईलच कसं?”

सुकुमारने बॅगेतून नमुना काढला. बोराएवढी पांढरी बोंडी होती. तिच्याभोवती बारीक तारेचा सैल पिंजरा, आणि तो पिंजरा एका आडव्या कडीत झुलता. त्याने चहाचा रिकामा काचेचा ग्लास पुसला आणि त्यात डिझेल ओतलं. नमुना आत सोडला. बोंडी तळाला गेली. मग त्याने तांब्यातून थोडं थोडं पाणी सोडलं. पाणी खाली उतरून तळाशी साचलं आणि बोंडी त्याच्या पाठीवर बसून वर येऊ लागली. उस्तादांनी ग्लास हातात घेतला. घाट चढल्यासारखा कलवला, खड्ड्यातून नेल्यासारखा आपटला. पिंजरा झुलला, पण बोंडी होती तिथंच राहिली.

उस्तादांनी ग्लास दुसऱ्या बाजूला कलवला. मग पुन्हा पहिल्या बाजूला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण जत्रेतलं खेळणं हातात पडल्यासारखे डोळे झाले होते.

“हे कुठनं घेतलंस?”

प्रश्न साधाच होता. पण सुकुमार ह्या वेळी उत्तराची घाई करेना. त्याने खरोखरच मनात सगळीकडे शोधलं. दुकानात शोधलं, वर्गात शोधलं, जुन्या पंपांत आणि दुसऱ्यांच्या अर्जांत शोधलं.

“कुठूनच नाही सापडत, उस्ताद,” तो म्हणाला. “चाळीस बोंड्या वाया गेल्या. एक अशी अडकायची, दुसरी तशी. प्रत्येक वेळी ती का अडकली तेवढंच बघत गेलो. एक्केचाळिसावी चालली.”

“चाळीस…”

“साहेब लोक हसायचे मला.”

“मी चौथ्यालाच सोडून दिलं हुतं,” उस्ताद म्हणाले.

सुकुमारने अर्ज उलगडून पाहिला. दहा ठिकाणी पेन्सिलीच्या काटा होत्या. आता सगळा अर्ज पुन्हा लिहायला लागणार होता. सोमवार हुकणार होता, वकील कपाळाला हात लावणार होते आणि कंपनीतले वरचे लोक काय म्हणणार, हे त्याला पाठ होतं. तरीही छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं त्याला वाटत होतं. त्या शेवटच्या ओळीखाली आता बिनधास्त सही करता येणार होती. त्याला फार बरं वाटलं.

“अकरा घेऊन आलो होतो, उस्ताद,” तो हसत म्हणाला. “एकच घेऊन चाललो.”

“चाललास कुठं?”

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून खुर्चीवरून उठले. सुकुमारला खांद्याला धरून त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं. तो ‘अहो उस्ताद’ म्हणून उठू लागला, तर पुन्हा दाबून बसवलं. मग डिझेलचा एक रिकामा डबा पायाने ओढून उपडा केला, शिकाऊ पोरं बसतात तसे त्याच्यासमोर त्या डब्यावर टेकले आणि तो ग्लास दोन्ही हातांत धरला.

“आता सांगा,” उस्ताद म्हणाले. “पयल्या बोंडीपासनं सांगा… आन जरा सावकाश. मी नवा हाय.”