सपाट तळाचा हिरा

पोतन नगरात दृढवर्मा राजा गादीवर होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका हिरे घासणाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचं नाव विमलक. दिवसभर तो चाकापाशी बसायचा, चाकाला तेल आणि हिऱ्याची पूड लावायचा आणि खडा टेकवून घासत राहायचा. फारसं बोलणं नाही, कुणाशी तंटा नाही.

त्या काळी हिऱ्याला फार पैलू पाडत नसत. वर एक टोक, खाली एक टोक आणि आठ अंगं, असा तो जमिनीतून निघे आणि तसाच ठेवत. कारागिराने त्या आठ अंगांना फक्त चकाकी आणायची. टोकांत देवता राहते अशी समजूत होती. राजाच्या हिऱ्याचं टोक कुणी मोडलं किंवा वजन घटवलं तर त्याचा उजवा हात तोडत. ते हिरे दिसायला मंद, खोल विहिरीच्या पाण्यासारखे. पण एकासारखा दुसरा मिळत नसे, आणि जाणत्यांना त्याचंच वेड होतं.

राजाच्या मनात मात्र एका भीतीने घर केलं होतं. त्याचा थोरला भाऊ तापाने गेला, तेव्हा त्याच्या अंगठीतल्या हिऱ्यात काळा डाग निघाला. तो कावळ्याच्या पायासारखा दिसतो म्हणून त्याला काकपद म्हणतात. वैद्यांनी परोपरीने सांगितलं की ताप वाईट होता, दगडाचा काही संबंध नाही. राजा ऐकतोय कसला! त्याने दवंडी पिटवली की काकपद असलेला हिरा ज्याच्या हातून राजवाड्यात येईल त्याचा शिरच्छेद होईल. दोन खाणकामगार असे जिवानिशी गेलेही होते. मातीने माखलेल्या दगडाच्या पोटात काय आहे, ते त्या बिचाऱ्यांना कसं दिसणार? पण हे राजाला विचारणार कोण?

अशात सामा नावाच्या एका म्हातारीला नदीकाठच्या खाणीत वाळू चाळताना आवळ्याएवढा हिरा सापडला. शिपाई हिऱ्यासकट तिलाही नगरात घेऊन आले. हिरा पारखून होईपर्यंत ती पहाऱ्यात राहायची. निर्मळ निघाला तर तिला एक गाय मिळणार होती, डाग निघाला तर मान जाणार होती. सामेला गायीचीच खात्री होती. सरकारातून गाय दुभती देतात की भाकड, असं ती पहारेकऱ्यांना विचारत बसायची. ते एकमेकांकडे पाहायचे.

हिरा विमलकाकडे आला. तीन दिवसांनी त्याने तो घासून दरबारात न्यायचा आणि निर्मळ आहे की नाही ते शपथेवर सांगायचं होतं. पहिलं अंग घासून होताच त्याने आत पाहिलं. खालच्या टोकापाशी काळा डाग होता. विमलकाने चाक थांबवलं.

त्याचा धाकटा भाऊ भद्दक शेजारीच काम करीत होता. त्यानेही पाहिलं.

"दादा, त्यात काय एवढं?" तो म्हणाला. "डागावर बारीक बारीक पैलू पाड. उजेड तिथे असा फुटेल की नजर आत शिरणारच नाही. आजोबा हेच करायचे, बाबा हेच करायचे. वजनही घटत नाही."

"आणि दरबारात काय सांगू?"

"निर्मळ आहे म्हणून सांग."

"ते मला जमणार नाही."

"मग खरं सांग आणि मार त्या म्हातारीला."

"तेही जमणार नाही," विमलक म्हणाला.

भद्दक वैतागला. मनाने तो वाईट नव्हता. भाऊ आता काय करील याचा त्याला अंदाज आला होता. विमलकाने त्याला निरोपाचं निमित्त काढून बहिणीच्या गावी धाडलं. पुढच्या कामात त्याचा हात असता तर शिक्षाही त्याच्या वाट्याला आली असती.

एकटा राहिल्यावर विमलक घाबरला. बोधिसत्त्व झाला म्हणून भीती वाटत नाही असं कुणी समजू नये. तेलाने काळवंडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग उठला. लाकडाला असतात तशा हिऱ्यालाही आतून फुटायच्या रेषा असतात, त्या ओळखता आल्या तर तो एका घावात दुभंगतो. नाही आल्या तर चुरा होतो. त्याने दुसऱ्या हिऱ्याच्या टोकाने बारीक खाच पाडली, तिच्यात बोथट पातं बसवलं आणि घाव घातला. हिऱ्याचे सरळ दोन तुकडे झाले.

डागाचा तुकडा त्याने लोखंडी खलात कुटून पूड केली. त्याच पुडीने उरलेला तुकडा घासला. आता त्याला खालचं टोक नव्हतं, तळ सपाट होता. वरच्या बाजूला त्याने चोवीस तिकोनी पैलू चढत्या क्रमाने पाडले, उमलत्या कळीसारखे. मोजमाप सगळं डोळ्यांचं, त्यामुळे कुठले दोन पैलू अगदी सारखे नव्हते. तो त्या हाताचा शेवटचा हिरा होता, आणि हे त्याला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी तो दरबारात गेला.

"काकपद होतं?" राजाने विचारलं.

"होतं, महाराज. तो भाग मी फोडून कुटून टाकला. तो राजवाड्यात आलाच नाही. आला तो हा, आणि हा निर्मळ आहे."

"म्हणजे म्हातारीचा गुन्हा?"

"घडलाच नाही."

"आणि तुझा?"

"माझा घडला."

राजाने खिडक्या लावायला सांगून दिवा मागवला. दिव्याशी धरताच तो सपाट तळाचा हिरा असा काही झळाळला की दरबार थक्क झाला. असा हिरा आपण उभ्या आयुष्यात पाहिला नाही, असं राजा म्हणाला आणि त्याच तोंडाने त्याने हात तोडायची आज्ञा दिली. कायदा वाडवडिलांचा आहे, त्याला आपला इलाज नाही, असंही म्हणाला.

दुपारी मागच्या चौकात ते काम उरकण्यात आलं. विमलक वेशीपाशी पोचला तेव्हा सामा तिथेच होती. तिची सुटका झाली होती आणि हातात गायीचं दावं होतं. त्याचा फडक्यात गुंडाळलेला थोटा हात पाहून तिने गाय बाजूला ओढली. पोतनात बहुधा चोरांचेच हात तोडत.

"काय चोरलंस रे बाबा?" तिने विचारलं.

"काही नाही, माय. ऊन फार आहे, जपून जा."

"सगळे असंच म्हणतात," ती पुटपुटली आणि आपल्या वाटेने गेली.

पुढे पोतनात सगळ्यांना तसलेच हिरे हवेसे झाले. राजाने चार खडे धाडले. भद्दकाने प्रयत्न केला, त्यात दोन फुटले. आता काम राजाच्या हौशीचं होतं, म्हणून त्याला शिक्षा झाली नाही. विमलक शेजारी बसून डाव्या हाताने चाक फिरवून द्यायचा.

विहारात जमलेल्यांना ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा दृढवर्मा म्हणजे आजचा हा तिस्स. काल संध्याकाळी तापाने फणफणलेल्या पांथस्थाला याने नियमावर बोट ठेवून पेज नाकारली. भद्दक म्हणजे याच्यापुढे गप्प राहिलेला सोणक. सामा म्हणजे मागे खांबापाशी बसलेली ही वृद्ध उपासिका. आणि विमलक मीच होतो."

तिस्सने मान खाली घातली. ती वृद्धा हात जोडून पुढे आली. तिने विचारलं, "भगवन्, मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू गाय घेऊन सुखाने घरी गेली नसतीस," शास्ते म्हणाले. "घेणाऱ्याला ओझं होऊ न देता जे दिलं जातं, त्याला दानपारमिता म्हणतात."