तोंडातून आणलेलं बी

चपला इथेच काढा, पुढे चिखल आहे. आणि हळू बोला; तसा देवीच्या या राईत आल्यावर माणसाचा आवाज आपोआपच खाली येतो. पाण्यातून वर आलेली ही वाकडी मुळं दिसतात ना, त्यांना आम्ही झाडाचे गुडघे म्हणतो. हे रानजायफळ. साल खरवडली की रक्तासारखा लाल चीक येतो, हीच त्याची खूण. पण तुम्ही खरवडू नका, मी सांगतो तेवढ्यावर विश्वास ठेवा.

असं सांगतात, की एके काळी इथे यातलं एकही झाड उरलं नव्हतं. आमच्याच पूर्वजांनी सगळी तोडली, आणि मागोमाग इथला झरा आटला. देवीने कौल दिला: ज्या झाडाला रक्त येतं ते परत लावा, पाणी येईल. तसली झाडं उरली होती ती डोंगरापलीकडच्या रानात. लोकांनी तिथून बिया आणल्या आणि भाताच्या बियाण्यासारख्या उन्हात खडखडीत वाळवून पेरल्या. आम्ही पडलो भात पिकवणारे. बी म्हणजे वाळवून जपायचं, एवढंच ठाऊक. एकही रुजली नाही.

पाण्यावाचून गाव उठायला लागलं. सुंदरा आणि तिचा धाकटा भाऊ बाबल, अशी दोघंच त्यांच्या घरात होती. बाबल म्हणे बंदरावर जाऊ, गलबतावर काम मिळेल. सुंदरा ऐकेना. कडाक्याचं भांडण झालं आणि ती एकटीच पलीकडच्या रानात निघून गेली.

तिथे तिने पाहिलं, ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, फळातलं बी गिळतो, दूर उडून जातो आणि ते ओलंच चोचीतून टाकतो. तेवढंच रुजतं. तो पक्षी म्हणजे देवीच होती म्हणे. हंगामातलं शेवटचं फळ सुंदराच्या हाती लागलं. बी चिखलात पडेपर्यंत ओठ उघडणार नाही, असा नवस बोलून तिने ते तोंडात धरलं आणि परत फिरली.

तिठ्यावर बाबल बोचकं घेऊन उभा होता.

"सुंदरा, नुसता 'रव' म्हण गो. मी खंयच जाऊचंय नाय."

रव म्हणजे थांब; तेवढं म्हणाली असती तर तो कुठेच जाणार नव्हता. तिने हात वर केला. थांब, असंच तिला सांगायचं होतं. रागावलेल्या भावाला वाटलं, जा म्हणते. तो घाट उतरून गेला. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण ओठ मिटलेलेच राहिले. माझ्याच्याने हे झालं नसतं.

बी चिखलात पुरलं आणि ती "रव रे, रव" करत तिठ्याकडे धावली. वाट रिकामी होती. पुढे ते बी रुजलं, बाकीची झाडं ककणेरांनी आणली, झरा पाझरला. बाबल काही परत आला नाही.

आजही वैशाखात गावातली एक बाई पलीकडून बी तोंडात धरून आणते. वाटेत तिला कुणी हाक मारत नाही. तिठ्यावर एक गडी बोचकं घेऊन बसतो, कितीही वेळ लागो, उठत नाही. बी लावून झालं की ती धावत येऊन म्हणते, "रव रे बाबल." मग तो तिच्यामागून घरी जातो.

यंदा मी बसलो होतो. सगळं ठरलेलं, तरी ती हाक येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. आली तेव्हा या वयात मी ढसाढसा रडलो.