चाक नसलेली

फार वर्षांपूर्वी टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या एका पंपाजवळ दोन व्हॉल्व्ह राहत. एकाला मोठं लाल चाक होतं. दुसरीच्या अंगावर नुसता बाण कोरलेला.

“पंप सांभाळणारे कादरभाई तुला कधी हात तरी लावतात का?” चाकवाला चिडवायचा.

एकदा कादरभाई जेवायला गेले आणि वीज गेली. चढलेलं पाणी पंपावर उलटं धावलं.

“कादरभाई, मला फिरवा! पंप फुटेल!” चाकवाला ओरडला.

तेवढ्यात शेजारी टक् झालं. बाणवालीच्या पोटातली झडप मिटली. पाणी थांबलं.

“तुला कोणी सांगितलं गं?”

“पाण्यानंच. ते मागे फिरलं, की त्याच्याच धक्क्यानं मी मिटते.”

कादरभाई धावत आले. “वाचलास बाबा!” असं पंपाला म्हणत त्यांनी सवयीनं लाल चाक पुसलं.

फडकं जरा शेजारीही फिरावं, असं चाकवाल्याला पहिल्यांदाच वाटलं.