मृदंगाचं घोरणं

एका राज्यात राजाला झोप येईना. ते राज्य कोणत्या दिशेला होतं ते सांगणारे वारे आता उरले नाहीत. पण राजाचं नाव वज्रबाहू होतं, आणि त्याच्या खजिन्याला एक जुना शाप होता. त्यातलं सोनं चोरीला गेलं, की सोन्याबरोबर धन्याची झोपही जाई. म्हणून खजिन्याच्या दारात मृदंग नावाचा कुत्रा बसे. अंगानं गोल, नाकानं चपटा, आणि चोराचा वास भिंतीपलीकडून ओळखणारा.

त्या वर्षी मृदंग घोरू लागला. दुपारी दारात आडवा झाला की अशी घरघर काढी, की देवडीवरचे पहारेकरी दचकून भाले उचलीत. आणि त्याच वर्षी राजाचे डोळे निखाऱ्यासारखे लाल झाले, पापणीला पापणी लागेना. मृदंग दारात असताना चोरी होईल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

दरबारातला जादूगार धूम्रकेश म्हणाला, "महाराज, कुत्र्याच्या छातीत पिशाच्च शिरलं आहे. तेच आपली झोप खातं. घोरणारं एकही कुत्रं राज्यात ठेवू नये."

राजानं मान हलवली. शिपाई घरोघर फिरले, घोरणारी कुत्री धन्यांच्या हातून ओढून नेली आणि सीमेवरच्या काटेरी कुंपणात कोंडली. शेवटी साखळी मृदंगाकडे आली. तेव्हा राजकन्या सौदामिनी खजिन्याच्या दारात आडवी उभी राहिली. मृदंग डोळेही न उघडलेलं पिल्लू होता, तेव्हापासून तिनं त्याला वाढवलं होतं.

"बाजूला व्हावं, राजकन्ये. राजाज्ञा आहे," शिपाई म्हणाला.

"आज्ञा ऐकली. पाळणार नाही."

राजा स्वतः आला. "सौदामिनी, माझा शब्द मोडतेस?"

"मोडते, महाराज. पिशाच्च असेल तर मला दाखवा. नसेल तर साखळी मागं घ्या."

धूम्रकेश गालात हसला. राजा म्हणाला, "पळस फुलेपर्यंत मुदत देतो. तोवर कुत्रा बरा झाला नाही, तर त्याच्याबरोबर तूही सीमेबाहेर."

"कबूल," ती म्हणाली, आणि मान न लववता वळली.

मृदंगाला घेऊन ती महालात आली आणि दार लावलं. पण कुत्रं का घोरतं, हे तिला ठाऊक नव्हतं. ती मृदंगाशेजारी जमिनीवर बसली. इतक्यात लाल डोळ्यांचा भारद्वाज खिडकीत उतरला आणि माणसासारखा बोलला.

"पिशाच्च नाही, राजकन्ये. धूर, चरबी आणि कुसळ. तिघांनी मिळून श्वासाची वाट अडवली आहे. तिन्ही दूर कर. आणि एक ध्यानात ठेव. चपट्या नाकाचं कुत्रं थोडंफार घोरायचंच. तो त्याचा जन्म आहे, गुन्हा नव्हे."

पहिलं काम धुराचं. पिशाच्च हाकलायला म्हणून धूम्रकेशानं वाड्यात निळ्या धुपाची धुनी पेटवली होती. पाणी ओतलं की ती दुप्पट भडके. तिला विझवणारी माती एकाच नदीच्या तळाशी होती. सौदामिनी तिथं गेली. नदी म्हणाली, "माती ने, पण तुझं प्रतिबिंब ठेवून जा."

"ठेव," सौदामिनी म्हणाली. त्या दिवसापासून तिचा आरसा रिकामा राहिला. पण धुनी विझली, आणि मृदंगाच्या घशाची सूज उतरली.

दुसरं काम चरबीचं. धूम्रकेशानं मृदंगाला एक थाळी दिली होती. कितीही खा, तुपातल्या शिऱ्यानं ती पुन्हा भरे. सौदामिनीनं थाळी उपडी केली आणि तिच्यावर बसली. थाळी रडली, कळवळली, शेवटी थंड तांब्याची झाली. त्याहून अवघड होते मृदंगाचे डोळे. तो तिच्या पायांशी बसून असा बघे, की तिचा घास हातातच राही. तरी तिनं मोजकंच अन्न दिलं, रोज उन्हं तापायच्या आत त्याला टेकडीवर चालवलं, झोपताना मानेखाली उशी दिली, अंथरूण झटकून उन्हात टाकलं. दास्या कुजबुजल्या, "राजकन्या कुत्र्याची दासी झाली."

"झाले," ती म्हणाली. "तुम्हीही टेकडीवर चला."

मृदंगाची कंबर दिसू लागली. घरघर निम्म्यावर आली. पण पळसाला कळ्या धरल्या होत्या.

तिसरं काम कुसळाचं. मृदंगाच्या नाकात खोलवर मंतरलेल्या गवताचं कुसळ रुतलं होतं. त्याला लोखंड लागलं, की ते आणखी आत जाई. कुत्र्याला बांधलं तरीही तसंच होई. सौदामिनीनं कोमट तूप घातलं आणि उघड्या बोटांनी कुसळ धरलं. मृदंगाचे दात तिच्या मनगटावर टेकले. एक आवळ, आणि हात गेला असता.

"चाव हवं तर," ती म्हणाली. "मी सोडणार नाही."

तो थरथरला. चावला नाही. कुसळ बाहेर आलं, मृदंग गडगडाटी शिंकला, आणि कितीतरी महिन्यांनी त्यानं हवा हुंगली.

मग तो धावत सुटला. थेट दरबारात शिरला आणि धूम्रकेशाच्या झोळीला लोंबकळला. झोळी फाटली. खजिन्याचं सोनं खळखळ खाली पडलं आणि आपल्या पायांनी खजिन्याकडं चालू लागलं. कुत्र्याला वास येऊ नये म्हणून कुसळ फुंकणारा आणि धूर करणारा तोच होता. तो पळायला वळला, तेव्हा त्याच्या अंगाचा धूर झाला, आणि धुराला वाऱ्यानं नेलं.

राजाचे डोळे सिंहासनावरच मिटले. जागा झाला तेव्हा पळस फुलला होता. "माग, मुली. अर्धं राज्य देतो."

"सीमेवर चला, महाराज. कुंपण आपल्या हातानं उघडा."

"राजा कुंपणं उघडत नाही."

"कोंडायची आज्ञा राजाचीच होती."

राजा गेला. काट्यांनी त्याचे तळवे फाटले. कुंपणाला टेकून सोनाक्का नावाची म्हातारी बसली होती. कुत्र्याला नेलं त्या दिवसापासून ती तिथून हलली नव्हती. ती उठली नाही.

"महाराज, माझं कुत्रं म्हातारं आहे. ते घोरणारच. पुन्हा न्याल?"

"नाही, आई. चूक माझी झाली."

"मग दार नीट धरा. त्याला उठायला वेळ लागतो."

राजा दार धरून उभा राहिला. बाकीची कुत्री भुंकत धावत गेली. सर्वांच्या मागून ते म्हातारं कुत्रं आळस देत, एकेक पाय टाकत आलं, आणि ते बाहेर पडेपर्यंत राजानं हात खाली घेतला नाही.

तिथं राज्याची घडी बसली, इथं कहाणी विसावली.