शहाणपणाचं माप

“पंतोजी, आजच्या आज सीमेपार व्हा!” रणधीर महाराज गरजले. “वर्षापूर्वी सांगितलं होतं, युवराजांना शहाणं करा. कुठाय शहाणपण? मला तर दिसत नाही!”

पंतोजींचं तोंड एवढंसं झालं. बायकापोरं घेऊन जायचं कुठे? आणि शहाणपण दाखवायचं तरी कसं? ते काय नाकावर उगवतं? दरबारी मंडळी मात्र माना डोलवत होती. पगारच त्याचा होता म्हणा!

महाराजांच्या अंगरख्याचं माप घ्यायला आलेली ठकू शिंपीण हे ऐकत उभी होती. तिला पंतोजींची दया आली आणि महाराजांचा भलताच राग आला. तिनं मापाची दोरी गुंडाळली आणि सरळ निघाली.

“अगं, माप?” महाराज ओरडले.

“कशाला? ‘छान शिव’ एवढं म्हणालात ना, शिवते छान! गुडघ्याच्या वर आला तर मलाही सीमेपार धाडा!”

“जीभ फार चालते तुझी! शहाणपणाला कुठे माप असतं?”

“ते शिवून घेणाऱ्यानं सांगायचं, महाराज. युवराज शहाणे झाले, तर काय करून दाखवतील?”

महाराज अडले. मिशी पिळून झाली, छत न्याहाळून झालं. हा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता!

“दोघं भांडत आले, तर दोघांचं ऐकूनच निवाडा देईल,” ते शेवटी म्हणाले. “चल, दाखव असा निवाडा! दिवेलागणीच्या आत. पण भांडण खरं हवं, ठरवून आणलेलं नको. नाहीतर तूही चालती हो!”

दरबारी गालात हसले. राजासमोर खरं भांडायला कोण येणार?

“आणायला कशाला जाऊ?” ठकू म्हणाली. “इथंच चाललंय की! एकीकडे महाराज, दुसरीकडे पंतोजी. बसवा युवराजांना गादीवर!”

राजानं शब्द दिला होता. महाराज धुसफुसत खाली उतरले आणि पंतोजींमागे उभे असलेले दहा वर्षांचे युवराज वर बसले.

“आबासाहेब, तुमचं म्हणणं?”

“यांनी तुला शहाणं केलं नाही!”

“पंतोजी, तुमचं?”

“शहाणं म्हणजे नेमकं काय,” पंतोजी चाचरत म्हणाले, “हे महाराजांनी आज पहिल्यांदाच सांगितलं.”

“खरं का, आबासाहेब?”

“हो... खरं आहे.”

“मग पंतोजी इथंच राहतील. आणि आबासाहेब, शिक्षा देण्याआधी तुम्ही त्यांना एकदा तरी बोलू दिलंत का?”

महाराज लालबुंद झाले, अन् एकदम खो खो हसत सुटले! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी ठकूला दिलं. मग डोळे पुसत म्हणाले, “पंतोजी, उद्यापासून युवराजांच्या शेजारी आणखी एक पाट मांडा. मीही येतो!”