चांगुणा वैदिणीची वाट

ऐका. ही गोष्ट आमच्या आसणवाडीची. इतकी जुनी, की तेव्हा घाटात रस्ता नव्हता, नुसती पायवाट होती. डोंगराच्या निम्म्यावर एक सपाटी, सपाटीवर तीसेक घरं, आणि वर उघडा कातळ. त्या कातळाच्या फटीतून बारा महिने पाणी झिरपायचं. या वाडीत चांगुणा नावाची वैदीण होती.

तिच्या खांद्याला कायम एक झोळी असायची. नुसता पाल्याचा वास घेऊन ती डोळे मिटून झाडाचं नाव सांगायची. ताप चढलेल्याला, अडलेल्या बाईला तिचा हात लागला की माणूस उठून बसायचं, असं म्हणतात. वाडीतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती.

पण साठी उलटली आणि एक दिवस भलतंच घडलं. ठकूबाई ही तिची शेजारीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या, जिवाभावाच्या. ठकूबाई खोकल्यानं हैराण झाली होती. चांगुणानं झोळीत हात घातला, मुळी काढली, उगाळून दिली. ती मुळी चुकीची होती. ठकूबाई दोन दिवस डोळे उघडेना. चांगुणा तिच्या उशाशी बसून राहिली, पाण्याचा घोटसुद्धा न घेता. तिसऱ्या दिवशी ठकूबाई जागी झाली आणि म्हणाली, "अगं, रडतेस काय? मला तर मेली छान झोप लागली होती."

चांगुणाला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण तिनं झोळी खुंटीला टांगली ती टांगलीच.

तिची सून भामा फार मायेची. ती म्हणाली, "आत्याबाई, जन्मभर राबलात. आता तुम्ही नुसतं बसा." मग चांगुणा ओट्यावर बसली. पाणी हातात, जेवण हातात. कुणी काही विचारेना, कुणी काही सांगेना. भाताची पेज खायची आणि भिंतीला टेकून पेंगायचं. वर्षभरात तिच्या पायांतलं बळ गेलं. सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली, ते कळेनासं झालं. डोक्यात सारखं धुकं भरल्यासारखं वाटे. आणि एक दिवस भामा पाणी घेऊन आली, तेव्हा चांगुणानं तिच्याकडे बघून विचारलं, "तू कुणाची गं?"

भामा आत गेली आणि तोंडात पदर धरून रडली. पण घर ते केवढं! चांगुणाला ते रडणं ऐकू गेलं. आपल्यामुळे कुणीतरी रडतंय, एवढं तिला उमगलं. ती नाव शोधत राहिली. ऊन अंगणातून कुंपणापर्यंत सरकलं, तेव्हा कुठे ते सापडलं.

"भामा," तिनं हाक मारली. "मला उठव. मला चालायचंय."

"आत्याबाई, पडाल."

"पडले तर उचल. पण बसवू नको."

त्या दिवशी ती कुंपणापर्यंत गेली. कुंपणाला निर्गुडी होती. चांगुणानं पान चुरगळलं, वास घेतला, पण नाव येईना. तिनं झाडालाच विचारलं, "तुझं नाव काय गं बाई?" आणि नाव आठवेपर्यंत ती तिथून हलली नाही. दुसऱ्या दिवशी दहा पावलं पुढे. मग आणखी दहा. दर झाडापाशी थांबायचं, नाव विचारायचं. पोरं हसायची, म्हातारी झाडांशी बोलते म्हणून.

भामानं एकदा विचारलं, "एवढा जीव कशाला दमवता?"

चांगुणा म्हणाली, "माणसाच्या अंगात कणाकणाला एकेक चूल असते, भामा. बसून राहिलं की तिच्यावर राख चढते. मग अंगात धग राहत नाही आणि डोक्यात उजेड राहत नाही. पाय हलले की तिला फुंकर बसते."

पेज तिनं सोडली. नाचणीची भाकरी, हुलग्याचं कढण, आवळ्याची फोड, आणि दिवस मावळायच्या आत जेवण. वर्ष सरता सरता ती कातळावर पोचली. तिथल्या ओलीला ब्राह्मी माजली होती. चार पानं तिनं तोंडात टाकली आणि खाली बघितलं, तर तीसही घरांतल्या माणसांची नावं तिला एका दमात आली, असं म्हणतात.

हे बघून बाकीचे म्हातारेही उठले. गुडघ्यानं अधू झालेले देवराम आले. ऐकू कमी येणारी रखमाबाई आली. बघता बघता अकराजण झाले. रोज सकाळी ते कातळावर जायचे, झाडांची नावं घेत. वर बसलं की प्रत्येकानं काल कळलेली एक तरी नवी गोष्ट सांगायची, असा चांगुणाचा दंडक होता. देवराम सत्तरीत टोपली विणायला शिकले. तिला बूड नव्हतं, पण सगळ्यांनी ती हातात घेऊन बघितली.

फक्त ठकूबाईचं तसं झालं नाही. ती सगळ्यांबरोबर चालायची, सगळं खायची, तरी तिचं विसरणं वाढतच गेलं. आधी झाडं गेली, मग माणसं. आपल्या मुळीनंच हे केलं का, हा काटा चांगुणाच्या मनातून कधी निघाला नाही. ती रोज सकाळी ठकूबाईच्या दारात जाऊन सांगायची, "मी चांगुणा. तुझी शेजारीण. चालायला येतेस?"

ठकूबाई तिला निरखून म्हणायची, "येते की. चांगली दिसतेस तू."

मग ती चांगुणाचा हात धरायची. रोज नव्यानं मैत्री व्हायची.

अशी काही वर्षं गेली. मग तो आषाढ आला. वाडीतली धडधाकट माणसं, भामासकट, भातलावणीला खालच्या गावांत उतरली होती. वर राहिली सत्तावीस लेकरं आणि हे अकरा म्हातारे. आठ दिवस पाऊस खळला नाही. खाली नदीला पूर आला आणि वाट बंद झाली. नवव्या दिवशी सकाळी चांगुणा ओढ्यावर गेली, तर पाणी लाल. मागच्या उताराला हातभर रुंद भेग पडली होती, आणि झाडं तिरकी झाली होती.

ती परत आली ती धावतच. "पोरं उचला. डोंगर सुटलाय."

देवराम म्हणाले, "नदीकडे उतरू."

"खाली नाही. वर. कातळावर."

पण धुकं असं, की स्वतःचा हात दिसेना. एका अंगाला दरी. देवराम थबकले. "वाट दिसत नाही, चांगुणाबाई."

"दिसायला कशाला पाहिजे? रोज चालतो ती वाट आहे."

चांगुणा पुढे झाली. हाताला निर्गुडी लागली, तिनं मोठ्यानं सांगितलं, "निर्गुडी!" मागच्यानं तेच ओरडून त्याच्या मागच्याला सांगितलं. दोघातिघा पोरांना एकेक म्हातारा धरून होता. करवंदीचा काटा टोचला, की डावीकडे वळायचं. हिरड्याची खरबरीत साल लागली, की जपून, पुढे कडा आहे. नावामागून नाव धुक्यात वर सरकत होतं. एका ठिकाणी चांगुणाही चुकली. हात पुढे केला, काहीच लागेना. ती थांबली आणि तिनं विचारलं, "कोण आहेस गं तू?" तेव्हा धुक्यातून पानं सळसळली आणि झाडानं आपलं नाव सांगितलं, असं म्हणतात. ते नाव कुठलं, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. ती त्या आवाजाकडे वळली आणि वाट पायाखाली आली.

ठकूबाईला एकही नाव येत नव्हतं. पण तिच्या पोटाशी वर्षा-दीड वर्षाचं मूल बांधलेलं होतं, आणि ती त्याला ओवी म्हणत होती. एक शब्द न चुकता. भ्यालेली पोरं त्या ओवीच्या मागोमाग रडं विसरून चालली.

शेवटचं पाऊल कातळावर पडलं आणि डोंगर खाली बसला. आवाज एवढा झाला, की रखमाबाईलाही तो ऐकू आला. धुकं निवळलं तेव्हा वाडी नव्हती. चिखल होता.

चार दिवस ते कातळावर राहिले. झिरपतं पाणी, रानभाजी, देवरामांच्या उपरण्यात बांधून आणलेले पोहे. पोहे आधी पोरांना. पूर ओसरल्यावर खालची माणसं आली ती मेलेली शोधायला. भामा चिखलात हातांनी उकरत होती. तिला वरून पोरांचा कालवा ऐकू आला. ती कशी वर पोचली, ते तिचं तिलाही सांगता आलं नाही. तिनं सत्तावीस पोरं मोजली, पुन्हा मोजली, आणि सासूच्या गळ्यात पडली. चांगुणा म्हणाली, "आधी ठकूला काहीतरी गरम दे. गार पडलीय ती."

पुढे वाडी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला वसली. ठकूबाई त्याच हिवाळ्यात गेली, चांगुणाच्या हातात हात ठेवून. चांगुणा मात्र शंभरी ओलांडून जगली. ती एका सकाळी कातळात विरून गेली, असं म्हणतात. पण ज्यांच्या घरातून ही गोष्ट माझ्यापर्यंत आली, ते सांगत, की ती घरात, साध्या अंथरुणावर गेली, आणि शेवटच्या आठवड्यात तिलाही बरीच नावं सापडत नव्हती. भामा दर वेळी जवळ बसून आपलं नाव सांगायची आणि चांगुणा मान डोलवायची.

आसणवाडीत अजूनही म्हाताऱ्या माणसाला कुणी "ओळखलंत का?" असं विचारत नाही. पोटचा मुलगासुद्धा आधी आपलं नाव सांगतो.

आणि दर आषाढात चांगुणाच्या नावानं सगळं गाव कातळाकडे निघतं. सर्वांत पुढे गावातलं सर्वांत वयस्क माणूस असतं. त्याच्यापुढे कुणी पाऊल टाकत नाही, त्याला कुणी घाई करत नाही. ते जिथवर जाईल तिथवर गाव जातं. कधी सगळे कातळावर पोचतात. मागच्या वर्षी पुढे हौसाबाई होत्या, त्र्याण्णव वर्षांच्या. त्या चाळीस पावलं चालल्या, एका कुड्याच्या झाडाला हात लावून थांबल्या आणि म्हणाल्या, "बास."

ढोल तिथेच थांबला. बायकांनी तिथेच नैवेद्य मांडला. त्या वर्षीचा कातळ तोच.