केरबाचा तारेचा ब्रश

चकचकीत फरशा नुकत्याच गावोगाव येऊ लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. केरबा गवंडी दगडाचं काम सोडून फरशा बसवायला लागला. त्याच्या पिशवीत जुना तारेचा ब्रश होता आणि नवा कोरा स्पंज. ब्रशला स्पंजाचं हसू यायचं. बोट लावलं तरी दबणारा हा गडी काय साफ करणार!

पहिलं काम गोदाक्काच्या स्वयंपाकघराचं. निळ्या फरशा बसल्या, केरबाने सांध्यांत पांढऱ्या सिमेंटचा माल दाबून भरला. भरताना फरशांवरही त्याचं सारवण झालं.

"मालक, ओलं आहे तोवर मला पिळून फिरवा," स्पंज म्हणाला.

"घाई कसली? वाळू द्या," ब्रश गुरगुरला. "मी दगडावरचा चुना खरवडलाय. हे तर पीठ आहे."

केरबालाही दगडाचीच सवय. तो भाकरी खाऊन, पान लावून निवांत आला. तोवर मालाने फरशी घट्ट धरली होती. मग ब्रशने जीव तोडून घासलं. पांढरं गेलं, पण निळी चकाकीही गेली.

गोदाक्का दारातूनच म्हणाली, "केरबा, फरशा पुसल्यास की सोलल्यास?" त्या सगळ्या त्याला उखडून नव्याने बसवाव्या लागल्या.

पुढच्या घरी ब्रश दिवसभर पिशवीत वाट बघत राहिला. संध्याकाळी स्पंज दमून शेजारी येऊन पडला.

"आज घाण नव्हती वाटतं?" ब्रशने विचारलं.

"होती की," स्पंज म्हणाला. "ओली होती."